बाळाचा डाव

आमच्या वऱ्हाडात तान्ह्या लेकराशी तासन्‌तास बोलत बसलेल्या बाईस कोणी वेडी म्हणत नाही. ज्याचे अजून बारसेही झालेले नाही अशा आठ-दहा दिवसांच्या मुलाला घरातली म्हातारी "काहून रडतं माह्यं लेकरू? कोनं मारलं?" असे विचारते, त्याच्या वतीने स्वतःच उत्तर देते, त्या उत्तरावर रागावते, हसते, समजूत काढते, आणि ज्याला एकही शब्द कळत नाही अशा श्रोत्यापुढे चाललेला हा संवाद घरातल्या कोणालाही विचित्र वाटत नाही. आजचे बालसंगोपनशास्त्र ज्या गोष्टीला भारदस्त नावे देते आणि जिच्या प्रसारासाठी दिल्लीपासून गावच्या अंगणवाडीपर्यंत परिपत्रके धाडली जातात, तिचा मूळ मसुदा या म्हातारीच्या बोलण्यातच आहे, असे माझे मत आहे. परंतु घरोघरची वहिवाट काय, शास्त्राने तिची रुजुवात कोठवर केली, सरकारदप्तरी तिला स्थान किती, आणि बुलढाण्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात तिला खीळ कोठे बसते, याचा तपशीलवार विचार केल्याखेरीज त्या मताला किंमत नाही.

आपल्या पोरांच्या खेळात 'डाव' हा शब्द दोन अर्थांनी येतो. सबंध खेळ तोही डाव, आणि त्या खेळात आपल्यावर येणारी पाळी तोही डाव. तान्ह्याशी खेळणे याचा सारा मथितार्थ या दुसऱ्या अर्थात आहे, कारण मोठ्या माणसाने काही म्हणायचे, काही करायचे, आणि मग थांबून बाळाला त्याचा डाव द्यायचा, एवढाच हा खेळ आहे. बाळ आपला डाव कधी डोळ्यांनी खेळते, कधी पायांनी, कधी नुसत्या हुंकाराने. पण खेळते निश्चित. नवजात अर्भकास जे सर्वांत स्पष्ट दिसते ते आठ ते बारा इंचांवरचे, म्हणजे जेमतेम एक-सव्वा वितीवरचे. आणि अंगावर पिणाऱ्या बाळाच्या डोळ्यांपासून आईचा चेहरा साधारण तितक्याच अंतरावर असतो. आवाजाची ओळख तर त्याहून जुनी. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकन संशोधकांनी असे दाखवून दिले की, तीन दिवसांच्या आतले मूलदेखील परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज कानी पडावा म्हणून आपली चोखण्याची लय बदलते. त्याच दशकाच्या उंबरठ्यावर, १९७८ साली, एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांचे सहकारी यांचा जो प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात हसतखेळत असलेल्या आईस काही क्षण चेहरा निर्विकार ठेवावयास सांगितले होते. आई समोर आहे, पण उत्तर देत नाही, असे दिसताच मूल प्रथम हसून पाहते, हात पुढे करते, पुन्हा पुन्हा विनवते, आणि शेवटी मान फिरवून खिन्न होते. अबोला म्हणजे काय, हे आपणांस भाषा येण्यापूर्वीच कळलेले असते.

आता आपल्या घरची वहिवाट पाहू. माझ्या थोरल्या बहिणीचे पहिले बाळंतपण चिखलीजवळच्या आमच्या खेड्यातल्या घरी झाले, तेव्हा बाळाला न्हाऊ घालण्यास येणारी दाई सत्तरीच्या घरातली होती. न्हाणीत पाटावर बसून ती लुगडे गुडघ्यापर्यंत आवरून घेई, दोन्ही पाय लांब करी, आणि नडग्यांच्या मधल्या पन्हळीत बाळाला असे उताणे निजवी की त्याचे डोके तिच्या घोट्यांशी आणि त्याचे तोंड थेट तिच्या तोंडासमोर येई. शेजारी कोमट तिळाच्या तेलाची वाटी, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ सायीत कालवलेले, आणि चुलीवरून उतरवलेल्या पाण्याचा गंज. तेलात बोटे बुडवून ती प्रथम आपलेच तळहात एकमेकांवर चोळी, म्हणजे थंड हात लेकराच्या अंगाला लागू नयेत. आणि मग "आता हात दे रे बाप्पा" असे म्हणून एक हात खांद्यापासून मनगटापर्यंत चोळून झाला की ती थांबे. "आता दुसरा," असे म्हणून पुन्हा थांबे. ही मधली विश्रांती मला त्या वेळी थकलेल्या म्हातारीचा विसावा वाटली होती. परंतु तिसरा महिना सरत आला तेव्हा "आता दुसरा" हे शब्द कानी पडताच तो मुलगा अंग आखडून दुसरा हात उचलल्यासारखा करू लागला, आणि दाईने माझ्या बहिणीकडे पाहून "समजते त्याले," एवढेच म्हटले.

पुढे पुष्कळ वर्षांनी मी एमी पिक्लर या हंगेरियन बालवैद्य बाईंविषयी वाचले. महायुद्धानंतर, १९४६ साली, त्यांनी बुडापेस्ट शहरात निराधार अर्भकांसाठी एक गृह चालविण्यास घेतले, आणि तेथे असा शिरस्ता घालून दिला की परिचारिकेने मुलाला हात लावण्यापूर्वी आपण काय करणार आहोत ते त्याला सांगावे, त्याच्या उत्तराची वाट पाहावी, आणि अंघोळ, दुपटे बदलणे, भरवणे ही कामे उरकण्याची न मानता मुलाशी भेटीची वेळ मानावी. आमच्या दाईला अक्षरओळख नव्हती आणि पिक्लरबाईंना चिखली ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही दोघींच्या हातांना एकच गोष्ट कळली होती. तेलपाण्याच्या उपयुक्ततेविषयी आपल्याकडील वैद्यकानेही साक्ष दिली आहे. मुंबईतील डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने मालिश केलेल्या बालकांचे वजन अधिक चांगले वाढल्याचे आढळले. मात्र नाकाकानांत तेल सोडणे, डोळ्यांत काजळ घालणे आणि वर्षाच्या आत मध चाटवणे हे त्याच परंपरेतील प्रघात अपायकारक ठरलेले असून ते सोडलेच पाहिजेत. जुने म्हणून सारेच राखावे, असा माझा आग्रह नाही.

न्हाणीतून बाळ बाहेर येते, वावडिंग-ओव्याची धुरी घेते, जुन्या सुती लुगड्याच्या घडीत गुंडाळून निजते. आणि दिसामासांनी त्याचे खेळ वाढत जातात. साधारण दीड महिन्याचे झाले की ते माणसाकडे पाहून हसते, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हुंकार देऊ लागते, चौथ्यात खदखदून हसते, आणि सहाव्या-सातव्यात 'बाबा', 'दादा' अशा अक्षरांच्या माळा ओवू लागते, ज्यांचा अर्थ त्याला नसला तरी घरातले बाबा आणि दादा तो आनंदाने लावून घेतात. मांडीवर बसवून तळहातावर मोराला बसावयास बोलावण्याचा खेळ, टाळ्यांचा आपडी-थापडीचा खेळ, घोट्यांवर बसवून झुलवण्याचा खेळ, आणि पदराआड तोंड लपवून एकदम प्रकट होण्याचा खेळ: यांतल्या एकाचीही कोणी कधी शिकवणी घेतली नाही, आणि तरी त्यांचा अनुक्रम बाळाच्या वाढीशी असा जुळलेला आहे की जणू कोणी तो विचारपूर्वक आखून दिला असावा. पदराआडच्या खेळाचेच पाहा. झ्याँ प्याजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते, हे ज्ञान मुलास उपजत नसून ते आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास मिळते. नेमक्या त्याच वयात पोर स्वतः पदर ओढून तोंड लपवू लागते. पदराआड गेलेली आई परत येते, ही खात्री शेकडो वेळा करून घेतल्यावरच ते तिला शेतावर जाऊ द्यावयास तयार होते.

या खेळांची भाषाही स्वतंत्र आहे. मंमं, भुर्र, जोजो, हम्मा, बाऊ, काऊ, चिऊ: ओठांवर सहज येणारी, दुहेरी, तालबद्ध, आणि व्याकरणाच्या जाचातून मुक्त. पुष्कळ सुशिक्षित मंडळींना ही बोली पोरकट वाटते आणि मुलाशी पहिल्या दिवसापासून शुद्ध बोलावे असा त्यांचा कटाक्ष असतो. त्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे की भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठीतील या बाळबोलीवर स्वतंत्र शास्त्रीय निबंध लिहिला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन विद्वानाने जगातील सहा भाषांतील बाळबोलींची जी तुलना केली, त्या सहांत अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची आणि गिल्याक यांच्या पंक्तीला मराठी होती. इतक्या दूरदूरच्या लोकांनी तान्ह्यासाठी आपापली भाषा अशी मऊ करून घ्यावी, यात पोरकटपणा नसून फार जुने शहाणपण आहे.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात निहाली नावाची एक भाषा बोलली जाते, जिचा जगातील कोणत्याही भाषाकुलाशी निश्चित संबंध अद्याप जोडता आलेला नाही, आणि जी बोलणारी माणसे उणीपुरी दोन-अडीच हजार आहेत. या भाषेला ना शाळा, ना वर्तमानपत्र, ना कचेरी. तिची सारी मिरास आईच्या मांडीवर आहे. तेथील आईने बाळाला भरवताना, निजवताना, खेळवताना निहाली सोडून बाजाराची भाषा धरली तर एका पिढीत ती भाषा उठून जाईल. म्हणून त्या पाड्यांवर बालसंगोपनाच्या मराठीतील घडीपत्रिका वाटताना अंगणवाडी सेविकेने प्रथम 'तुमच्या बोलीत लेकराशी काय खेळता?' हे विचारावे आणि तेच वाढवावे, असे मला कळकळीने वाटते.

येथवर वहिवाटीची उजळ बाजू झाली. तिची काळी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या खटल्याच्या घरात वडीलधाऱ्यांदेखत सुनेने आपल्या पोटच्या मुलाचे कौतुक करणे निर्लज्जपणाचे, आणि बापाने त्याला उचलून घेणे तर त्याहून लाजिरवाणे समजले जाई. मूल आजा-आजीचे, काकांचे, आत्याचे; बाप त्याला रात्री निजल्यावर पाहणार. या मर्यादेने कित्येक पुरुषांचा आपल्या लेकरांशी बोलण्याचा पहिला मोसम वाया गेला, आणि तो पुन्हा येत नाही. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. १५९८ साली आमच्याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे लखुजी जाधवांच्या वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला, आणि १२ जानेवारीस तेथे दरवर्षी लाखांचा समुदाय लोटतो. त्याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८५५ निघाल्या; दहा वर्षांपूर्वी त्या ९०८ होत्या. ज्या घरात मुलगी जन्मास आली म्हणून पेढे वाटले जात नाहीत, त्या घरात तिच्या हुंकाराला उत्तर तरी किती हौसेने मिळत असेल? आपले पाळणे रामाचे, कृष्णाचे, शिवरायांचे. परंतु जात्यावरच्या ओव्यांत लेकीवरची माया अपार आहे. गी प्वाथवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि त्यांतील लेकीच्या ओव्या पाहिल्या म्हणजे बायांच्या मनात मुलीसाठी जागा नव्हती असे कोणास म्हणवणार नाही. ती जागा पाळण्यापर्यंत आणणे आपल्या हाती आहे.

परंतु सर्वांत मोठी अडचण मायेची नसून वेळेची आहे. आषाढ-श्रावणात निंदण, आश्विनात सोयाबीनची सोंगणी, कार्तिकापासून कापसाची वेचणी. आणि मजुरीवर जाणारी आई सव्वा महिना झाला की वावरात. धुऱ्यावरच्या बाभळीला किंवा निंबाला लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत चार महिन्यांचे मूल, आणि दोरी हाती धरून बसलेली आठ-नऊ वर्षांची बहीण, हे दृश्य आमच्याकडे प्रत्येकाने पाहिलेले आहे. कापसाच्या दोन ओळींपलीकडे, पाठीवर ओटी घेतलेली आई ओळीच्या टोकाशी आली की दुरूनच हाक घालते, "ये माय, झोपलं का वं?" झोळीतून पाय झाडल्याचे दिसते, आणि ती वळून दुसरी ओळ धरते. तिच्या डावाला बाळाने उत्तर दिले. आता पुन्हा तिचा डाव यावयास अर्धा तास. मधल्या वेळात ती आठ वर्षांची पोर आहे, जी वस्तुतः शाळेत असावयास हवी, आणि जी आपल्या बुद्धीने चिमण्या दाखवते, बोंड हलवून दाखवते, टाळ्या वाजवते. नोकरदार बाईस २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची प्रसूतिरजा मिळाली. वेचणीवरच्या बाईस त्यांतला एक दिवसही लागू नाही. अशा घरांना 'बाळाशी अधिक खेळा' असा कोरडा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते.

मात्र दारिद्र्यापुढे खेळ निरुपयोगी आहे, असेही नाही. उलट त्याचा सर्वांत भक्कम पुरावा दारिद्र्यातूनच आला आहे. जमैकाच्या किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी नऊ ते चोवीस महिन्यांची, वाढ खुंटलेली १२९ मुले घेऊन एक प्रयोग केला. त्यांतील काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षेपर्यंत एक साधी आरोग्यसेविका जाई आणि घरातल्याच टाकाऊ जिनसांपासून केलेली खेळणी घेऊन आईला मुलाशी खेळावयास, बोलावयास दाखवी. वीस वर्षांनी पाहता, ज्यांच्या घरी ती जात होती त्या मुलांची कमाई इतरांहून सुमारे पंचवीस टक्क्यांनी अधिक भरली. खेळणी विकत घेतलेली नव्हती, आणि ज्या बाया घरोघरी गेल्या त्या पदवीधर नव्हत्या. आठवड्याच्या एका तासाचे हे उत्पन्न आहे.

सरकारदरबारी या विषयाची नोंद होण्यास फार काळ गेला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढले, पुढे १९५७ मध्ये अनुताई वाघांसह कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम नेले, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे या विचारातून अंगणवाडी हा शब्द रूढ केला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. कागदोपत्री ती जन्मापासूनच्या बालकासाठी आहे; प्रत्यक्षात तीन वर्षांखालील मुलाच्या वाट्यास घरी न्यावयाचा शिधा, वजनाची नोंद आणि लस एवढेच येत गेले, आणि बसून गाणी म्हणण्याचा मान तिसऱ्या वर्षानंतर. ही उणीव गेल्या काही वर्षांत भरून निघू लागली आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकाची घरीच काळजी घेण्याची जी पद्धत सिद्ध केली, तिच्या आधारावर २०११ पासून आशा सेविका जन्मानंतरच्या बेचाळीस दिवसांत घरी भेटी देऊ लागल्या; २०१८ पासून त्याला तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटींची जोड मिळाली, आणि या भेटींत आहाराबरोबर खेळ आणि संवाद यांविषयी सांगणे हे त्यांचे काम ठरले. वर्ध्याच्या सेवाग्राम येथील वैद्यकीय संस्थेच्या सहकार्याने यवतमाळ आणि आमच्या शेजारच्या तेव्हाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) या जिल्ह्यांत 'आरंभ' या नावाने अंगणवाडी सेविकांनी पालक मेळावे भरवून तीन वर्षांखालील मुलांच्या खेळाचा विषय गावात आणला. २०२४ साली केंद्राने 'नवचेतना' हा आराखडा जाहीर केला, त्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचे महिनेवारी खेळ दिले आहेत. मूल आवाजाकडे वळत नसेल, नजर देत नसेल तर २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याची तपासणी होते. आणि डावाला उत्तर न येणे हेच बहुधा त्याचे पहिले लक्षण असते, जे रोज खेळणाऱ्या आजीला डॉक्टराआधी कळते.

राहता राहिली एक नवी वस्तू. आता धुऱ्यावरच्या झोळीपर्यंत मोबाईल पोचला आहे. मूल जेवत नाही, दे मोबाईल. रडते, दे मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली वर्षाच्या आतील मुलास पडदा मुळीच दाखवू नये असे सांगितले. कारण साधे आहे. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांना चिनी भाषा ऐकवली, तेव्हा समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून मुलांनी तिचे ध्वनी आत्मसात केले, आणि तीच माणसे, तीच भाषा पडद्यावरून दाखवली तेव्हा काहीच घेतले नाही. पडदा बोलतो खरा, पण बाळाला डाव देत नाही. आपला लाकडी पांगुळगाडा आणि हल्लीचे चाकांचे बसके वॉकर यांतही हाच भेद मला दिसतो: पांगुळगाड्यामागे मूल आपल्या पायांनी उभे राहते आणि आपण ढकलते, वॉकरमध्ये ते टांगलेले असते, आणि अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली त्यावर बंदीच घातली.

मला दोन गोष्टी मागावयाच्या आहेत. पहिली जिल्हा परिषदेकडे: सोंगणी आणि वेचणीच्या चार महिन्यांत तरी मोठ्या गावांतून तीन वर्षांखालील मुलांसाठी दिवसभराचे पाळणाघर अंगणवाडीला जोडून चालवण्याची तजवीज व्हावी, म्हणजे झोळीची दोरी धरलेली बहीण शाळेत बसेल. दुसरी वाचकांकडे, आणि विशेषतः पुरुष वाचकांकडे: आपल्या घरी तान्हे मूल असेल तर आशाताई तिसऱ्या महिन्याच्या भेटीस कोणत्या वारी येणार ते आधी विचारून ठेवा, आणि त्या दिवशी वावरातले काम दुपारनंतर धरून घरी थांबा; ती सांगेल ते बाळाच्या आईसाठी आहे असे समजून उठून जाऊ नका, बाळाला आपल्या मांडीवर घ्या.